एका चिमट्यात दोन कपडे

ताईचं लग्न माझ्या अकरावीच्या गणितानं जुळलं असं मी म्हटलं की ताई अजूनही चिडते. "लग्न माझं जुळलं, गणित तुझं कच्चं होतं, दोन्ही एकत्र करू नकोस," असं ती दुर्गहून फोनवर सुनावते आणि मागून भावजी उगाचच खोकतात. आठवणी लिहायचं माझं वय झालेलं नाही, असंही तिचं मत आहे. केसांना रंग लावायला मी तिच्या आधी सुरुवात केली, तेव्हा वयाबद्दल तिनं जरा बेतानंच बोलावं. शिवाय त्या दिवसांबद्दल ताईनं लिहिलं तर ती स्वतःला फारच गरीब गाय दाखवेल. म्हणून मीच लिहिते.

आम्ही दुर्गजवळ रुआबांध्यात, पोलादाच्या प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिरोड्याजवळच्या एका खेड्यातून, धानाच्या बांध्यांमधून उठून इकडे आले होते आणि रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. घर मात्र त्यांची शिफ्ट चालवायची. एक आठवडा सकाळची सहा ते दोन, मग दुपारची दोन ते दहा, मग रात्रीची, आणि त्याप्रमाणे आमचं जेवण, झोप, भांडण सगळं पुढेमागे सरकायचं. बाबांची नाईट असली की दिवसभर घरात चवड्यांवर चालायचं. आई कुकरसमोर पहारा देत उभी राहायची आणि शिट्टी होणार असं दिसलं की चटकन गॅस बारीक करायची, त्यामुळे त्या आठवड्यात आमची लाखोळीची डाळ कायम अर्धी कच्ची असायची. गल्लीत मुर्रेवाला, म्हणजे कुरमुरेवाला, शिरला की मी धावत जाऊन त्याला हातानंच गप्प करायची. ताई आणि मी भांडायचो तेही खुणांनी. नुसत्या भुवया हलवून आम्ही एकमेकींना चेटकीण म्हणू शकायचो, आणि आजही लग्नकार्यात ही विद्या फार उपयोगी पडते.

राज्य तेव्हा नवीन झालं होतं. पाट्यांवरचं मध्यप्रदेश पुसून छत्तीसगढ लिहिणं चालू होतं, आणि आमच्या शाळेच्या फाटकावर रंग इतका पातळ लावला होता की दोन्ही राज्यं एकदम वाचता यायची. शाळा हिंदीतून, बाजार हिंदीतून, मैत्रिणी हिंदीतून. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. क्वार्टरच्या मागे एवढंसं अंगण होतं, त्यात एक पेरूचं झाड आणि भिंतीपासून खांबापर्यंत ताणलेली कपड्यांची तार. ही तार नीट लक्षात ठेवावी, कारण पुढे जे काही झालं ते तिच्यावरच झालं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गणित घेऊन बी. एस्सी. झालेली, सकाळी एका खासगी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी सुपेल्यातल्या एका कोचिंग क्लासमध्ये. तिथं केमिस्ट्रीला प्रमोद सर होते, दुर्गच्या जुन्या मराठी घरातले. दिवसा ते जामुलच्या सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये असायचे, म्हणून त्यांच्या चपलांवर नेहमी बारीक राखाडी धूळ असायची. सरांचा आणि ताईचा वाढदिवस पोळ्याच्या आठवड्यातच यायचा. त्या वर्षी आईनं पोळ्याला ठेठरी-खुरमी केली होती, तिचा डबा ताईनं क्लासमध्ये वाटला, आणि पाठोपाठ पंचवीस पूर्ण झाली म्हणून सरांनी समोसे वाटले. मीही त्याच क्लासला जायची, त्यामुळे मला दोन्ही मिळाले. याहून जास्त विचार मी तेव्हा केला नाही, कारण समोसे गरम होते.

विचार करायला माझ्याकडे दुसरं दुःख होतं. अकरावीच्या पुस्तकात असमिकांचा धडा होता. हा हिंदी पुस्तकातला शब्द. म्हणजे अशी गणितं ज्यांचं उत्तर एक आकडा येत नाही, आकड्यांचा अख्खा पट्टा येतो. आतापर्यंत गणितानं निदान एवढी माणुसकी दाखवली होती की उत्तर एकच असायचं, चुकलं तर एकदाच चुकायचं. आता 'क्ष किमान इतका' आणि 'क्ष जास्तीत जास्त इतका' असं सांगून वर तो पट्टा कंसात लिहायचा. टोकाचा आकडा उत्तरात धरायचा असेल तर चौकोनी कंस, धरायचा नसेल तर गोल. संख्यारेषेवर काढायचं असेल तर धरलेल्या टोकाला भरीव ठिपका, न धरलेल्याला पोकळ. मी सगळीकडे पोकळ काढायची. मला ते मनापासून पटलेलं होतं. टोक म्हणजे जिथं एक गोष्ट संपते आणि दुसरी अजून सुरू झालेली नसते. ते कोणाचंच नसतं. सहामाहीत मॅडमनी माझ्या पेपरावर लाल पेननं एवढे ठिपके भरले की गोवर आल्यासारखा दिसत होता.

पहिल्या चाचणीत मला एकवीस होते, सहामाहीत सत्तावीस. पास व्हायला तीन परीक्षांची सरासरी तेहतीस तरी हवी होती. ताईनं यावरच शाब्दिक उदाहरण करून मला घातलं. "एका मठ्ठ मुलीला दोन परीक्षांत एकवीस आणि सत्तावीस गुण मिळाले, तर तिसरीत किती मिळायला हवेत?" मी मान खाली घालून सोडवलं. तिन्ही मिळून नव्याण्णव तरी हवेत, अठ्ठेचाळीस झालेत, म्हणजे किमान एक्कावन्न. "अंतराल लिही," ताई म्हणाली, म्हणजे तोच कंसातला पट्टा. मी गोल कंस काढून एक्कावन्न लिहिले, शंभरपाशीही गोल कंस. "म्हणजे बरोब्बर एक्कावन्न मिळाले तरी नापास व्हायचं ठरवलंस? आणि शंभर मिळाले तर नको म्हणणार?" मी म्हटलं, शंभरची चिंता तू करू नकोस.

शेवटी कागद सोडून तिनं मला तारेपाशी नेलं. तारेला वीत-वीत अंतरावर लाल दोरे बांधले. प्रत्येक दोरा म्हणजे एक आकडा. उत्तराचा पट्टा म्हणजे कपडा. टोक धरायचं असेल तर कपड्याची कड त्या दोऱ्यावर आणून चिमटा लावायचा. धरायचं नसेल तर त्या दोऱ्यावर चीर पाडलेली एक प्लास्टिकची बांगडी अडकवायची आणि कपडा तिच्या अलीकडेच थांबवायचा. दोन अटी असतील तर दोन कपडे, आणि जिथं दोन्ही एकावर एक येतील ते उत्तर. आईला हे अजिबात आवडलं नाही. तिचं म्हणणं, कपडे वाळवायला जागा उरत नाही आणि शेजारीण विचारते की तुमच्या तारेला बांगड्या कशाला भरल्या.

याच दिवसांत आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, तिरोड्याची. चिन्नोर तांदळाची पिशवी, जवसाची चटणी आणि एक स्थळ एवढं घेऊन ती गाडीतून उतरली. स्थळ राईस मिलवाल्यांचं होतं. मुलगा सत्तावीसचा, घरी ट्रॅक्टर दोन, आणि सुनेनं नोकरी करायची नाही ही एकच अट. आत्यानं हे सांगितलं तेव्हा ताई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही, पण पुढची पोळी छत्तीसगढच्या नकाशासारखी झाली. ताईला शिकवणं सोडायचं नव्हतं. ते तिनं मला एकदाच सांगितलं होतं, आणि सांगताना तिचा आवाज फाटला होता, म्हणून मी ते विसरले नव्हते. आत्याला थेट नाही म्हणण्याची मात्र घरात कोणाची छाती नव्हती. बाबांचीही नाही. त्यांना लहानपणी तिनंच कडेवर वागवलं होतं.

संध्याकाळी सगळे बसले. ताईनं चहा दिला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, तू म्हणशील तिथं करीन. पण आधी अटी ठरवून टाका सगळ्यांनी. अटीत बसंल त्याले मी हो म्हणीन, नाही बसला त त्याचं नाव कोणी काढायचं नाही." बाबांना हे फार आवडलं. प्लांटमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला नियम दिसला की बरं वाटतं.

"बराबर बोलून राहिली पोरगी," ते म्हणाले. "नियम म्हंजे नियम. मंग मी बी मागं हटणार नाई."

आत्यानं पहिली अट घातली. "पोरीपेक्षा तीन वर्सं तरी मोठा पायजे. बरोबरीचा नवरा ऐकत नाई अन् ऐकूही देत नाई." बाबा म्हणाले उंची पोरीपेक्षा जास्त पाहिजे, आणि ताई ताडमाड असल्यानं एवढ्यानंच निम्मा विदर्भ गळाला. आई पदराशी चाळा करत म्हणाली, "सासर अर्ध्या घंट्याच्या वर नोको, बसनं. मले मनात आलं की भेटून येता आलं पायजे." हे ऐकून आत्यानं तोंड उघडलं, कारण तिरोडा काही अर्ध्या तासात येत नाही. पण आईनं आयुष्यात घातलेली ती पहिलीच अट असावी, आत्या काय समजली कोण जाणे, तिनं तोंड मिटलं आणि म्हणाली, "पाहू. मिलवाले इकडं दुकान टाकायचं म्हनून राहिले."

"तुही काई अट?" बाबांनी ताईला विचारलं.

ताईनं नखाकडे बघत विचार केला. आता मला माहीत आहे की तो विचार तिनं महिनाभर आधीच करून ठेवला होता. "माझं काय," ती म्हणाली, "पंचवीसपर्यंतचा चालंल. पंचवीसच्या वरचा नोको. पंचवीसपर्यंत पोरगं शिकवता येते, पुढं नाही शिकत." सगळे हसले. आत्या सगळ्यात मोठ्यानं हसली, आणि हसता हसता थांबली, कारण तिचा मिलवाला सत्तावीसचा होता. ती बाबांकडे वळली, पण बाबा एव्हाना नियमावर जाऊन बसले होते. क्रेनवर बसलेला माणूस आणि नियमावर बसलेले आमचे बाबा, दोघंही सहजासहजी खाली उतरत नाहीत. आत्यानं दोन दिवस तोंड फुगवलं, मग पदर खोचला. "अटीत बसनारा पायजे ना? आनते," म्हणाली, आणि मुक्काम वाढवला.

आमच्याकडे वय तारखेनं मोजत नसत, हे इथं सांगायला हवं. आत्याच्या हिशेबात माणसाचं वय म्हणजे त्यानं पाहिलेले पोळे, आणि जन्माचा पोळा धरायचा नाही. एक टोक उघडं ठेवायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ताई पोळ्याच्या चार दिवस आधीची, बावीस पोळ्यांची.

दोनतीन दिवसांनी मी तारेवर सराव करत होते. पुस्तकातली उदाहरणं संपली, म्हणून गंमत म्हणून ताईच्याच अटी घेतल्या. ताई बावीस, आत्याची अट तीन वर्षांची, बावीस आणि तीन पंचवीस. पंचविसाच्या दोऱ्यापासून उजवीकडे मी आत्याचं हिरवं लुगडं पसरलं. ताईची अट पंचविसापासून डावीकडे. तिकडे तिचा पिवळा दुपट्टा. सवयीप्रमाणे मध्ये दोऱ्यावर बांगडी अडकवली. आणि बघते तर लुगडं एका बाजूला, दुपट्टा दुसऱ्या, मध्ये नुसती बांगडी हलतेय. कुठंच काही एकावर एक येत नाही. उत्तर शून्य. असा मुलगा पृथ्वीवर नाहीच.

म्हणजे ताईनं सगळ्यांना हो हो म्हणून असं कोंडीत पकडलं होतं की तिचं लग्नच होऊ नये, आणि बिचारी आत्या दिवसभर चपला झिजवत असा मुलगा शोधत होती जो असूच शकत नाही. सांगावं तर नियम मोडणार, आणि नियम मोडला की मिलवाला ट्रॅक्टर घेऊन दारात. न सांगावं तर ताई जन्मभर घरात. खरं सांगायचं तर हे दुसरं मला इतकं काही वाईट वाटलं नाही. बारावीचं गणित अजून व्हायचं होतं. पण ताई म्हातारी होऊन त्याच तारेवर कपडे वाळत घालतेय असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला भरून आलं.

ताई शाळेतून आली तशी मी तिला अंगणात ओढलं. "तू सगळ्यांना फसवलंस. तुझ्या अटींचं उत्तर शून्य आहे."

तिनं तारेकडे पाहिलं. लुगडं, बांगडी, दुपट्टा. मला वाटलं ती घाबरेल. ती बादलीतले ओले कपडे पिळायला लागली. "उत्तर चुकलं," म्हणाली. "परत कर."

"कुठं चुकलं?"

"ते मी सांगितलं तर परीक्षेत काय करशील? परत कर. आणि सुटेपर्यंत तोंड बंद." मग भुवया हलवून मला काय म्हणायचं ते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांची सकाळपाळी होती. अडीचपर्यंत ते घरी यायचे आणि मग सगळे एकदम जेवायचो. तीन वाजून गेले तरी पत्ता नाही. आईनं भाजी दोनदा गरम केली. चारच्या सुमाराला बाबा सायकल टेकवून आत आले, तोंड काळवंडलेलं, आणि येताच पाणी मागितलं.

"कावून एवढा उशीर?" आई म्हणाली.

"रिलीवर उशिरा आला. त्याचं लेकरू बिमार हाय." रिलीवर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, जो येऊन जागा घेतो.

"पण तुमची ड्युटी त दोन वाजताच संपते ना, बाबा?" मी विचारलं. भुकेनं मी चिडले होते.

"दोन वाजता कशी संपंल? थो आल्यावर संपते. क्रेन अशी सोडून उतरता येते का बेटा? थो शिडी चढून केबिनमंदी येते, मी त्याले सांगतो काय चालू हाय, मंग उतरतो."

"मग रोज बरोब्बर दोन वाजता ड्युटी कोणाची असते? तुमची की त्याची?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इतका बावळट प्रश्न त्यांना प्लांटमध्ये कोणी विचारला नसावा. "दोघांची," ते म्हणाले. "दोन वाजता केबिनमंदी दोघं असतो. थो बी अन् मी बी. तवाच त बदली होते. एकही नसला त लोखंड कोन धरंल, तुही माय?"

आई म्हणाली, तिचं नाव यात घ्यायचं कारण नाही. पण मी तिथं नव्हतेच. मी ताटावरून उठून अंगणात पळाले होते. दोन वाजले की बाबा ना तिथे ना घरी, असं मी जन्मभर समजत आले होते. ती वेळ आमच्या घरात खरंच कोणाची नसायची. आई ताटं मांडून नुसती बसलेली असायची. आणि तिकडे त्याच क्षणी दोन माणसं एका केबिनमध्ये उभी असायची. 'तीन वर्षं तरी' म्हटलं म्हणजे पुरे तीन चालतात. 'पंचवीसपर्यंत' म्हटलं म्हणजे पंचवीस चालतात. मी बांगडी काढून फेकली. लुगड्याची कड दोऱ्यावर आणली, दुपट्ट्याची कड तिच्यावर आणली आणि दोन्हींवर मिळून एक चिमटा लावला. पंचवीस. फक्त पंचवीस. दोन्ही बाजूंना चौकोनी कंस आणि आतमध्ये एकच आकडा दोनदा. उत्तर शून्य नव्हतं, उत्तर एक माणूस होतं. समोशाचा वास नाकात यायला मला काही वेळ लागला नाही.

ताई मागं उभी होती. "प्रमोद सर?" मी विचारलं. तिचे कान लाल झाले, आणि ताईचे कान लाल झालेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

पुढचं काम तिनं आत्याकडूनच करून घेतलं. संक्रांतीनंतर दुर्गच्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू होतं. ताईनं डोकं दुखतंय म्हणून आई आणि आत्याला तिकडे पाठवलं. संध्याकाळी आत्या परतली ती विजयी मुद्रेनं. "भेटला!" दारातूनच ओरडली, बाबांची नाईट आहे हे विसरून. "दुर्गचा हाय, आपल्यातलाच. पंचवीसचा. उंच हाय. बसनं अर्धा घंटा बी नाई. मी शोधला!" बाबा दचकून उठून बसले. ताई म्हणाली, "तू म्हणशील तसं, आत्या." मला हसू आवरेना, म्हणून मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

रविवारी ते लोक आले. सर, त्यांचे वडील आणि आई. सरांच्या चपला त्या दिवशी इतक्या स्वच्छ होत्या की मी त्यांना आधी ओळखलंच नाही. तिळाचे लाडू, चिवडा, चहा झाला. ताई पडद्याआड माझ्याशेजारी उभी होती. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात सरांच्या आईनं कप खाली ठेवला.

"एक गोष्ट आधीच सांगून टाकते," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांची तुमची अट कानावर आली. आमच्याकडे जन्मतारखा पाहतात. आमचा प्रमोद तुमच्या मुलीहून मोठा आहे, पण तीन वर्षांना पाचसहा दिवस कमी पडतात. मागाहून कोणी बोलायला नको."

बाबांनी आत्याकडे पाहिलं, कारण अट तिची होती. आणि याच बाबांनी नियमावर बोट ठेवून तिचा मिलवाला परत पाठवला होता. आता तिनं नियमावर बोट ठेवलं असतं तर त्यांना चकार शब्द काढता आला नसता. ताईनं माझा हात धरला. आपल्या बहिणीला काही येत नाही असं कधी होत नाही, अशी माझी समजूत होती. त्या क्षणी तिला काहीच येत नव्हतं, तिच्या हातात काही उरलं नव्हतं, आणि मी देवाला म्हटलं की मला वार्षिकमध्ये शून्य दे, पण हे होऊ दे.

आत्यानं लाडूचा तुकडा सावकाश गिळला. "तारीख कोन पायते बाई," ती म्हणाली. "पोळा सांगा. पोरगा पोळ्याच्या आधीचा का नंतरचा?"

"आधीचा. एकच दिवस आधीचा."

"आमची बी आधीची. मंग थो पंचवीस पोळ्यांचा अन् हे बावीस पोळ्यांची. पोळा कोनत्या साली लवकर येते, कोनत्या साली उशिरा येते, त्याले लेकरं काय करतीन? पुरे तीन होतात. कमी कायचे?" मग बाबांकडे वळून, "का रे?"

बाबांनी घसा साफ केला. "तीन म्हंजे तीन," ते म्हणाले. "बसला."

पडद्याआड ताई खाली बसली ती उठेचना. तिला सुपारीचं तबक घेऊन बाहेर पाठवायचं होतं, म्हणून मी तिला बगलेत हात घालून उभी केली.

मंडळी गेल्यावर, उन्हं उतरायच्या वेळी, आत्या अंगणात कपडे काढायला गेली आणि मी मागोमाग. सकाळी मीच, शकुन म्हणून, तिचं हिरवं लुगडं आणि ताईचा पिवळा दुपट्टा पंचविसाच्या दोऱ्यावर एका चिमट्यात लावले होते.

"कावून वो चित्रे," आत्या मला म्हणाली, "घरात चिमट्यांचा दुष्काळ पडला का?"

"नाही आत्या. एकच पुरते."

तिनं चिमटा उघडला, दुपट्टा पडू नये म्हणून हातानं धरला, आपलं लुगडं काढून खांद्यावर टाकलं. "थो मास्तर," ती घडी घालत म्हणाली, "तुह्या ताईच्याच कोचिंगमंदी शिकवते ना?"

मी खाली पडलेले चिमटे वेचायला लागले.

"हळदीकुंकवात त्याच्या मायनं मले पोरीचं सारं विचारलं, पन दिसते कशी हे नाई विचारलं. पायली असन तवाच ना?" आत्या म्हणाली. "जाऊ दे. अट माहीच होती, अन् थे कोनी मोडली नाई." आणि दुपट्टा तिनं पुन्हा तारेवर नीट चिमटा लावून ठेवला. "हा राहू दे. ओला हाय अजून."

मग तारेवर तो एकटाच राहिला. गणित सुटलं होतं, सगळ्या अटी बसल्या होत्या, महिनाभर सगळं घर जे उत्तर शोधत होतं ते सापडलं होतं, आणि त्याचा अर्थ ताई या घरातून जाणार हा आहे, हे मला तिथं उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं. मी रडायला लागले. वार्षिकमध्ये मला पुढे अठ्ठावन्न मिळाले, कंसाच्या आत अगदी आरामात, पण ते सांगायला धावत अंगणात गेले तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

"रडते कायले?" आत्या म्हणाली. "दुर्ग त हाय. अर्ध्या घंट्याच्या वर नाई, तुह्या मायनंच त सांगून ठेवलं होतं. पूस डोळे."

मी ताईच्याच दुपट्ट्याला डोळे पुसले. तो ओलाच होता, त्यामुळे काही उपयोग झाला नाही.